केसरअक्काचा डावा कान

आमच्या केसरअक्काच्या पाया पडायला लोक गौलीगुड्यातून चालत अंबरपेठेला यायचे. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची पोर नांदत नाही, कुणाला मूल होत नाही. हातात नारळ, लिंबू, हळदीकुंकवाची पुडी. अक्काच्या अंगात यायचं त्याला ना वार होता ना वेळ, तरी बापडे दिवसदिवस ओट्यावर बसून राहायचे. मी तिची धाकटी बहीण, सखू. दोन गल्ल्या सोडून राहायची. मी काही तिच्या पाया पडले नाही. लहानपणी आम्ही एका गोधडीत झोपायचो आणि ती सगळी गोधडी आपल्याकडं ओढून घ्यायची. असली कुठं देवी असते?

हसू नका. हसण्यासारखं यात फार थोडं आहे, आणि ते आत्ता सांगून संपलं.

पहिल्यांदा झालं ते आषाढात, पोचम्माच्या बोनालला, म्हणजे देवीला भाताचं मडकं वाहायच्या सणाला. आम्ही परभणीकडची माणसं, पण हैद्राबादेत येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, तेव्हा मरीआई आणि पोचम्मा आमच्या घरी जावा-जावांसारख्या नांदायच्या. अक्काच्या डोक्यावर भाताचं मडकं, वर दिवा, पुढं डफ. देवळाच्या तोंडाशी ती एकदम गरगरली, मडकं फुटलं आणि ती खाली बसून ओकायला लागली. डोळे असे एकीकडं ओढल्यासारखे फिरत होते. तिची सासू पार्वतीबाई शेजारीच होती. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पोरीला ऊन लागलं, पाणी द्या. पार्वतीबाईनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "आई आली गं माझ्या घरी." झालं. त्या दिवसापासून अक्का माणसातून उठली.

पुढची दहा-अकरा वर्षं काय चाललं ते मी डोळ्यांनी बघितलंय. फेरा आला की पोरं गल्लीभर ओरडत सुटायची, केसरबाईला आलं, केसरबाईला आलं. मग डफवाला यायचा आणि तिच्या कानाशी डफ बडवायचा. धुपाचा धूर. पाठीवर लिंबाचे डहाळे. अक्का जमिनीला धरून पडायला बघायची, आणि दोन बाया तिला काखेत हात घालून उभं धरायच्या, कारण पार्वतीबाईचा नियम होता, देवी आडवी होत नाही. लोक विचारायचे, आई, म्हैस कुठं गेली? अक्का कण्हायची, ओकायची. पार्वतीबाई सांगायची, आई म्हणते पूर्वेला शोधा. म्हैस सापडली तर देवीची कृपा. नाही सापडली तर म्हैसवाल्याचंच काही पाप. सगळं उरकलं की सासू तिला मीठ-लिंबाचं पाणी पाजायची, घट्ट मिठाचं, शुद्धीवर यायला. अक्का शुद्धीवरच असायची. तिला सगळं दिसत होतं, फक्त फिरताना दिसत होतं.

मला ती एकदाच म्हणाली होती, "सखू, मला काही नको. मला फक्त डोळे मिटून पडू द्या म्हण ना त्यांना." मी म्हणून बघितलं. पार्वतीबाईनं मला जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

अक्काचा नवरा सूर्यभान सरकारी कचेरीत दफ्तरी होता. फायली शिवायच्या, कागद लावायचे. मी त्यांना दाजी म्हणायची. दाजी वाईट माणूस नव्हते, हे मी आज पण म्हणते. दारू नाही, मारहाण नाही, वाचायचा नाद. आईपुढं मात्र गोगलगाय. बायकोच्या अंगात आलं की ते चपला घालून बाहेर निघून जायचे आणि सगळं शांत झालं की परत यायचे. त्यांना त्या देवीची लाज वाटायची. पण लाज वाटणं वेगळं आणि बायकोला आडवं करणं वेगळं.

छप्पन साली दसऱ्याला दाजी नागपूरला गेले. परत आले ते पांढऱ्या कपड्यात, आणि खरं सांगते, माणूस चार बोटं उंच झाल्यासारखा दिसत होता. आमची मान तेव्हा पहिल्यांदा वर झाली. ते खोटं नाही आणि ते मी कुणाला खोटं म्हणू देणार नाही. घरातले टाक, मरीआईचा मुखवटा, परडी, सगळं एका गाठोड्यात बांधून मुसीत सोडलं. पार्वतीबाई तोंडात पदर घालून बसली. आणि आमची अक्का? ती नदीवरनं परत येताना हसत होती. वाटेत माझा हात धरून म्हणाली, "आता मला पडू देतील गं."

वेडी. देवी मुसीत गेली, फेरे कुठं जाणार?

पुढच्याच महिन्यात राज्य मोडलं. निजामाच्या मुलखाचे तीन तुकडे, एक आंध्राला, एक म्हैसूरला, आपला मराठवाडा मुंबईला. कचेरीतल्या माणसांचीपण तशीच वाटणी लागली. दाजींचं मूळ गाव परभणीकडचं म्हणून त्यांना मुंबईच्या वाट्याला टाकलं आणि हुकूम आला, उन्हाळ्याच्या आत औरंगाबादेत हजर व्हा. दाजी खूष. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत जायचं, पोरीला मराठी शाळेत घालायचं. पोरगी म्हणजे भामा, सात वर्षांची, अक्काचं एकच लेकरू.

आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले.

त्या दिवसांचं मला बोलवत नाही. चुली पेटल्या नाहीत. अंबरपेठेच्या मैदानात शोकसभा ठेवली होती, बाया एकीकडं, पुरुष एकीकडं, सगळीकडं रडणं. अक्का माझ्या शेजारी बसली होती. दोन दिवस पोटात काही नाही. मध्येच तिनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. म्हणाली, "कान भरला." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. तोवर ती कलंडली. डोळे फिरले, पांढऱ्या लुगड्यावर ओकली, कण्हायला लागली. आणि मागं बसलेल्या एका म्हातारीनं, सवयीनं, काही वाईट मनात नसताना, हात जोडले आणि म्हणाली, "शांत हो गं आई."

त्या एका आईनं घात केला. सगळी सभा वळून बघायला लागली. आमच्या पंचकमिटीचे तातेराव उभे राहिले, मोठा माणूस, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. ते म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आजच्या दिवशी तरी देवीला घरी ठेवायचं होतं." दाजी पुरुषांत बसले होते. ते उठून आले नाहीत. मी आणि एका शेजारणीनं अक्काला उचलून घरी नेलं.

मग सुरू झालं ते आगीतून फुफाट्यात. हिनं एखादा टाक लपवून ठेवलाय म्हणून तिची पेटी उचकली. पेटीत भामाचं बाळपणीचं कुंचडं निघालं, दुसरं काही नाही. वंदनेला तिला बोलावणं बंद. तिच्या हातचा चहा कुणी घेईना. जी बाई कालपर्यंत नारळ घेऊन ओट्यावर बसायची तीच आज तोंड फिरवून जायला लागली. आणि पार्वतीबाई, जिनं दहा वर्षं म्हशी शोधून दिल्या, ती आता पहिल्या रांगेत बसून सांगायची, "मी पहिल्यापासून म्हणत होते, ढोंग आहे." जिभेला हाड नसतं म्हणतात ते बरोबर आहे.

दाजी बायकोशी बोलायचे बंद झाले. एक दिवस जेवताना, ताटावरनं मान वर न करता त्यांनी सांगितलं, "मी, आई आणि भामा औरंगाबादला जातो. तू सखूकडं राहा. तिथं मला चार लोकांत उभं राहायचंय. तुझं मन साफ झालं की बघू."

अक्का माझ्याकडं आली. ती सहसा रडायची नाही, त्या दिवशी रडली. म्हणाली, "भामाला नेतात गं. सखू, देवी आली असं मी एकदा तरी म्हटलं होतं का? लोकच म्हणाले. आता देवी नाही असंपण लोकच म्हणतात. मग मला हे काय होतं ते तरी कुणी सांगा. नाव तरी सांगा त्याचं."

मी तेव्हा सिगारेटीच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या डॉक्टरला विचारलं. त्यानं आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यानं काही झालं नाही तेव्हा मी परत गेले आणि त्याच्या टेबलापुढनं हललेच नाही. मग त्यानं चिठ्ठी दिली, कानाच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, चक्कर डोक्याला येते, कान कशाला? तो म्हणाला, जाओ तो सही.

सुलतान बाजारपलीकडं मोठा दवाखाना होता, तिथं गेलो. कानाचा डॉक्टर म्हातारा, हैद्राबादी, चष्मा नाकावर घसरलेला. त्यानं अक्काला समोर बसवलं आणि मी सांगायला लागले तर मला हातानं थांबवलं. "तुम नक्को बोलो. इनकू बोलने देव." मग अक्काला विचारलं, "अम्मा, चक्कर आने से पहले कान में कुछ होता क्या?"

अक्का माझ्याकडं बघायला लागली. जणू परवानगी मागते. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. आधी डावा कान भरून येतो, विहिरीत बुडी मारल्यासारखा. मग त्यात गिरणी सुरू होते, पिठाची गिरणी, घरघर घरघर. मग घर फिरतं. डोळे उघडले तर जास्त फिरतं. आवाज झाला की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. दोन-तीन तासांनी थांबतं. आधी गिरणी फेऱ्यापुरती असायची, आता ती बंदच होत नाही. डॉक्टर मधूनमधून "हौ, हौ" म्हणत होता, जणू तिच्या गावची वाट त्याला पाठ होती.

"पहले किसीकू बोले नहीं?"

"कुणी विचारलंच नाही," अक्का म्हणाली. "मला म्हशींचं विचारायचे."

डॉक्टरला म्हशींचं काय कळणार. त्यानं एक लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि तिच्या उजव्या कानाशी धरला. अक्का म्हणाली, वाजतंय. डाव्या कानाशी धरला. अक्का गप्प. परत आपटला, परत धरला. अक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. डावा कान जवळजवळ गेला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. हाक ऐकू आली नाही की पार्वतीबाई म्हणायची, माजलीय.

डॉक्टर म्हणाला, अजून एक तपासणी बाकी आहे, पाण्याची. येताना हिच्या मालकाला घेऊन या, त्यालापण दाखवू. मी तशीच दाजींच्या घरी गेले. ते सामान बांधत होते. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही म्हणता ना, ऐकीव धरू नका, आपल्या डोळ्यांनी बघा, मग माना. मग चला बघायला. नंतर तुम्हाला औरंगाबादला जायचं तर जा, नाहीतर चंद्रावर जा." दाजी आले. कदाचित माझ्या तोंडाला भिऊन आले असतील, पण आले.

डॉक्टरनं अक्काला खाटेवर उताणं निजवलं, मानेखाली उशी दिली. दाजींना तिच्या तोंडासमोर उभं केलं आणि सांगितलं, आँखां देखते रहो. मग पिचकारीनं तिच्या उजव्या, धड कानात गार पाणी सोडलं. थोडा वेळ काही नाही. मग अक्काचे डोळे ओढायला लागले, एकीकडं जायचे, झटका देऊन परत यायचे, एकीकडं जायचे, परत यायचे. तिनं खाटेची कड धरली. "आलं," म्हणाली, "तेच आलं." अगदी तेच, बोनालला मडकं फुटलं तेव्हाचं, मैदानातलं. ना डफ, ना धूप, ना पार्वतीबाई. एक पिचकारी पाणी. मग विसावा देऊन कोमट पाणी घातलं, तर डोळे उलट्या बाजूला ओढायला लागले. आणि डाव्या कानात गार घातलं, कोमट घातलं, तरी डोळे जेमतेम हलले. डॉक्टर म्हणाला, बघा, तोल सांभाळायचं यंत्र कानाच्या आत असतं, त्यात पाणी असतं. हिच्या डाव्या कानात ते पाणी साचतं, वाढतं, आणि बाई फिरते. हे ना भूत, ना वेड, ना ढोंग. हा आजार आहे, याला नाव आहे. नाव त्यानं सांगितलं, इंग्रजी होतं, माझ्या जिभेला वळलं नाही. अक्कानं मात्र ते दोनदा म्हणून घेतलं.

दाजींचं तोंड उतरलं होतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाब, दस साल पहले लाते तो?"

डॉक्टर हात पुसत म्हणाला, "कान बचता क्या नहीं, वो मैं नहीं बोल सकता. मगर इनकू लेटने तो देते थे ना." मग त्यानं सांगितलं, मीठ कमी करा, गोळ्या घ्या, फेरा आला की अंधारात आडवं होऊ द्या, कानाशी आवाज नको. एवढंच. दहा वर्षं तिनं जे मागितलं होतं तेच डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं.

बसमध्ये दाजींनी तिला खिडकीची जागा दिली. उतरताना हात धरला. घरी गेल्यावर म्हणाले, "भामाचे कपडे तुझ्याच पेटीत भर, सगळे बरोबरच जाऊ." अक्कानं मला दारातूनच खूण केली. मला वाटलं, सुटली बाई.

मी पण वेडीच.

दुसऱ्या रविवारी दाजींनी सभा ठेवली. निरोपाची सभा, आणि विषय अंधश्रद्धा. मांडव, भोंगा, तातेराव मध्यभागी. आणि सगळ्यांच्या पुढं, मंचावर, एक खुर्ची. त्या खुर्चीवर केसरअक्का. नवं पांढरं लुगडं नेसवून तिला बसवली होती, शेजारी भोंग्याचा खांब. दाजी बोलायला उभे राहिले आणि काय बोलले. मला माणूस एवढा बोलू शकतो हे माहीत नव्हतं. बघा, म्हणाले, ही माझी बायको. दहा वर्षं तुम्ही हिच्या पाया पडलात. कशाच्या पाया पडलात? एका दुखऱ्या कानाच्या. मरीआई कुठं होती? कानातल्या पाण्यात होती. माझ्या डोळ्यांनी मी पिचकारीतनं देवी निघताना बघितली. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्यांचा एक शब्द खोटा नव्हता, माझं तेच तर जळतं. सगळं खरं होतं, आणि ती परत तिथंच बसली होती, मांडवात, लोकांसमोर, आणि लोक तिच्याकडं बघत होते. त्या म्हातारीनं, जिनं आई म्हणून हात जोडले होते, तिनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पार्वतीबाई पहिल्या रांगेत मान डोलवत होती. तातेरावांनी दाजींच्या गळ्यात हार घातला. अक्काची कुणी माफी मागितली नाही. मागायची कशाची, कान तर तिचाच होता.

मी मंचाच्या कडेला उभी होते म्हणून मला दिसलं. अक्कानं दाजींचा सदरा ओढला आणि हळू म्हणाली, "कान भरतोय. मला घरी न्या, पडते जरा."

दाजी हसरं तोंड तसंच लोकांकडं ठेवून म्हणाले, "थोडं बस. लोक बघतायत."

ती बसली. टाळ्या संपेपर्यंत बसली, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. मग मीच तिला उठवून घरी आणलं, दार लावलं, खिडकीवर गोधडी टाकली आणि तिला निजवलं. फेरा येऊन गेला, ती डोळे मिटून पडून राहिली. निदान तेवढं मिळालं.

दुपार कलली तेव्हा दाजी आले, गळ्यात हार तसाच. अंगात उजेड संचारल्यासारखे. अक्काच्या उशाशी बसले आणि सुरू झाले, "केसर, काय सभा झाली गं. तातेराव म्हणाले, असं काम कुणी केलं नाही. औरंगाबादला गेल्या गेल्या अशीच ठेवू, मग जालन्याला, परभणीला. तुला फक्त बसायचंय. दोन शब्द बोललीस तर फारच चांगलं, मी लिहून देतो."

अक्कानं डोळे उघडले. त्यांच्याकडं नीट बघितलं, बराच वेळ, रागानं नाही. मग ती सावकाश उजव्या कुशीवर वळली. उजवा कान उशीत दाबला. वर राहिला तो डावा.

दाजी बोलतच होते. जालन्याच्या सभेला कोण कोण येईल ते सांगत होते.

तेवढ्यात भामा बाहेरनं आली. आईच्या खांद्याला हात लावला. अक्कानं लगेच उशीवरनं डोकं उचललं, उजवा कान पोरीकडं केला आणि म्हणाली, "काय गं बाळ?" भामाला भूक लागली होती. अक्का म्हणाली, डब्यात पोळी आहे, सखूमावशीकडनं घे. आणि परत वळून कान उशीत घातला.

दाजी तोंड उघडं ठेवून बसले होते. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी मांडीवरच ठेवला.

ती गेली त्यांच्याबरोबर औरंगाबादला, भामासाठी. पुढं पंचवीस वर्षं संसार केला. स्वयंपाक केला, मीठ कमी खाल्लं, एकाही सभेला गेली नाही. मी भेटायला गेले की रोज रात्रीचं तेच बघायची, दाजी बोलायला लागले की ती कूस बदलायची. एकदा मी तिला म्हटलं, अक्का, त्या डॉक्टरच्या औषधानं काही गुण आला का गं? ती म्हणाली, "गोळ्यांनी नाही आला. पण कुठला कान मेलाय ते त्यानं सांगितलं ना. ते फार कामाला आलं."